बारा व्होल्ट जातात कुठे?

‘इकडं हीटर कशाले लागते?’ गाडीच्या हीटरचा पंखा दुरुस्त करायचाय म्हटलं की वडनेर भोलजीत पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो रास्त आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुरा तालुक्याचं हे गाव, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या मधे, थेट महामार्गावर. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांकडे झुकतो. घरोघरी कूलरच्या ताट्या ओल्या होत असताना कुणी गरम हवेच्या पंख्याची काळजी करत बसला, तर लोकांना नवल वाटणारच.

या प्रश्नाचं उत्तर पावसाळ्यात मिळतं. मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघालात की राजूर घाट लागतो. खामगावकडून बुलढाण्याला यायचं तर ज्ञानगंगा अभयारण्यातून बोथ्याचा घाट. श्रावणातल्या झडीत काचा वर करून चार माणसं गाडीत बसली, की काही मिनिटांत समोरची काच आतून पांढरी होते. बाहेरच्या पावसानं काच गार पडलेली असते, आतली हवा श्वासानं आणि ओल्या कपड्यांनी दमट झालेली असते, आणि ती वाफ काचेवर जाऊन बसते. फडक्यानं पुसली की वळण संपेपर्यंत पुन्हा धरते. जुने ड्रायव्हर काचेला बाहेरून तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायचे. त्यानं पावसाचं पाणी थेंबथेंब न साचता पसरून वाहतं, पण आतल्या वाफेवर त्याचा काही उपाय चालत नाही. तिथे हीटरच लागतो. गरम केलेली हवा काचेवर मारली की काच तापते, हवेची ओल धरायची ताकद वाढते आणि धुकं विरतं. हे सगळं पंख्याच्या जोरावर. पंखा मरगळलेला असेल तर हीटरमध्ये उकळतं पाणी खेळत असूनही काचेपर्यंत काही पोचत नाही.

दुसरा उपयोग भर उन्हाळ्यातला. हीटर म्हणजे दुसरा, छोटा रेडिएटर. इंजिनात तापलेलं पाणी त्याच्या नळ्यांतून फिरतं आणि पंखा त्यातली उष्णता काढून घेतो. रस्त्याचं काम चालू आहे, गाड्यांची रांग लागली आहे, तापमानाचा काटा चढतो आहे, अशा वेळी काचा खाली करून हीटर पूर्ण सोडला तर इंजिनाला थोडी उसंत मिळते. आत बसलेल्यांचे हाल होतात, पण हेड गॅस्केट वाचतं. मात्र हीटर सोडूनही हवा गार येत असेल, तर पाणीच संपलंय असं समजावं आणि इंजिन तिथल्या तिथे बंद करावं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये, हे सांगायला नकोच.

ज्या गाडीमुळे हा लेख लिहितो आहे ती अँबॅसडर, मार्क ३. हिंदुस्तान मोटर्सनं इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ वरून ही गाडी घेतली आणि १९५७-५८ पासून कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला बनवली. तिचं उत्पादन २०१४ साली थांबलं. जिल्ह्याच्या गावाला साहेब आला म्हणजे पांढरी अँबॅसडर आली, असं ज्यांनी पाहिलंय ते वाचक अजून पुष्कळ असतील. महाराष्ट्राची स्वतःची म्हणावी अशी गाडी मात्र फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती कुर्ल्यात बनवली. पहिल्या गोलमटोल फियाटला मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणत. पुढे तिचीच पद्मिनी झाली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी माणसासारखा निरोप दिला होता.

अशा गाड्यांतून हीटर क्वचितच असे. कुणाला डोंगराळ भागात जायचं असलं, कुणाची बदली थंडीच्या गावी झाली, तर डॅशबोर्डखाली बाहेरून बसवून घेत. या अँबॅसडरचा हीटर तसाच आहे. पत्र्याची पेटी, आत छोटं रेडिएटर, मागे पंखा. पेटीवर बनवणाऱ्याचं नाव उरलेलं नाही. पंखा बटण दाबल्यावर क्षणभर थांबून फिरू लागे, इंजिन संथ चालीवर असलं की फारच मंदावे, आणि कधी बोटानं ढकलल्याशिवाय हलत नसे.

शहरातला सल्ला एकच होता. पेटी कापा आणि एखाद्या नव्या व्हॅनचा ब्लोअर आत बसवा. काम होईल, शंका नाही. पण जुनी गाडी ठेवायची ती कशासाठी, हाही प्रश्न आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीला २० हजार रुपये लागतात आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. सत्तरच्या दशकातल्या अँबॅसडर आणि पद्मिनी आता त्या उंबरठ्यावर आल्या आहेत. हीटरच्या पंख्यावरून कुणी नोंदणी नाकारेल असं नाही. पण जे दुरुस्त होतं ते कापून फेकायचं नाही, एवढी शिस्त जुनी गाडी बाळगणाऱ्यानं पाळावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणून गाडी वडनेर भोलजीला आणली. तिथलं महामार्गावरचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान मृगाच्या आधी पाहावं. एका बाजूला ट्रकचे डायनामो, सेल्फ आणि वायपरच्या मोटारी, दुसऱ्या बाजूला कूलरच्या मोटारींचा ढीग. हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ आहे. सुरतेहून धुळे, जळगाव, मलकापूर, अकोला, अमरावती करत तो नागपूरकडे आणि पुढे जातो. याच रस्त्याच्या अमरावती-अकोला टप्प्यात जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. त्याआधीची कित्येक वर्षं मात्र या रस्त्यानं गाड्यांचे सांधे खिळखिळे केले, आणि त्या खड्ड्यांवर इथली गॅरेजं जगली. स्क्रू सैल होणं, वायरचं टोक तुटणं, अर्थिंग सुटणं, हे दोष इथले मिस्त्री जितक्या लवकर ओळखतात तितके क्वचितच कुणी ओळखत असेल.

कूलरच्या मोटारीशी तुलना करण्याचा मोह इथे सगळ्यांना होतो. विदर्भात कूलरचा पंखा हळू झाला की घरातलं पोरही सांगतं, कंडेन्सर गेला. बहुतेक वेळा ते खरंही असतं. कूलरची मोटार एसीवर चालते, आणि कंडेन्सर कमजोर झाला की तिचा जोर जातो. गाडीच्या हीटरची मोटार मात्र बॅटरीच्या डीसी करंटवर चालते. तिला कंडेन्सरचा आधार लागत नाही. तिच्यात कार्बन असतात, कम्युटेटर असतो आणि दोन टोकांना बुश असतात. त्यामुळे कूलरचं निदान तिला लावलं तर नुसता खर्च होतो.

त्या दुकानाच्या मिस्त्रींनी हीटर पाहिला, पंख्याला बोटानं एक गिरकी दिली आणि म्हणाले, ‘पहिले करंट कुठी अडकला ते पाहू. मोटार खोलाची घाई करू नोका.’ दुरुस्तीच्या पुस्तकातल्या अनेक पानांचा ऐवज या दोन वाक्यांत आहे.

त्यांनी मल्टिमीटर आधी बॅटरीच्या दोन टोकांना लावला, मग मोटारीच्या दोन टोकांना, आणि पंखा चालू ठेवला. हे महत्त्वाचं आहे. मोटारीची वायर सोडवून मोजलं तर सगळीकडे १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. गंजलेल्या जोडातूनही मीटरपुरता करंट सहज जातो. मोटार ओढायला लागली की मगच त्या जोडाची खरी अवस्था कळते. बॅटरीवर १२.४ होते, मोटारीच्या दोन टोकांमध्ये १०. म्हणजे २.४ व्होल्ट वाटेत गळत होते. मोटार त्या वेळी ६ अँपिअर ओढत होती. साधा हिशेब केला तर वाटेतला रेझिस्टन्स ०.४ ओहम निघतो. आकडा किरकोळ दिसतो, पण त्यापायी १४ वॉटहून जास्त शक्ती नुसती उष्णता होऊन जात होती. स्विच हाताला गरम का लागायचा, ते तिथे उलगडलं.

मग त्यांनी वाट तुकड्यातुकड्यानं मोजली. फ्यूजच्या दोन बाजू, स्विचच्या दोन बाजू, मोटारीची बॉडी आणि बॅटरीचा मायनस. दीड व्होल्टाच्या आसपास स्विच खात होता. उरलेलं बहुतेक हीटरची पेटी जिथे गाडीच्या पत्र्याला बसते त्या अर्थच्या स्क्रूखाली. तिथे कुणीतरी हौसेनं रंग मारला होता, आणि रंगातून करंट जात नाही. स्क्रू काढून पत्रा चकचकीत होईतो घासला, खाली दातेरी वायसर घातला, वरून थोडं ग्रीस लावलं. स्विच उघडून आतले काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरनं साफ केले. आता मोटारीला पावणेबारा-बाराच्या घरात व्होल्ट मिळू लागले. पंखा सुधारला. पण तरतरीत झाला नाही.

दोष एकच असतो हे आपण उगाच गृहीत धरतो. जुन्या गाडीत दोन-तीन दोष एकमेकांच्या आड लपतात आणि पहिला काढला की दुसरा दिसतो. पुढचं काय तपासायचं, ते मीटरवरच्या अँपिअरनी सांगितलं. पंखा हळू आहे आणि मोटार करंटही कमी ओढते आहे, तर दोष विजेच्या वाटेत: झिजलेले कार्बन, मळलेला कम्युटेटर, सैल जोड. पंखा हळू आहे पण करंट जास्त जातोय, तर मोटारीला फिरायला जड जातंय किंवा आर्मेचरचं वाइंडिंग आतून शॉर्ट झालंय. इथे करंट अजून ६च्या वर होता. तशा मोटारीला साधारण साडेतीन-चार पुरतात, असा मिस्त्रींचा अनुभव. म्हणजे आता मोटार खोलायची वेळ आली होती.

खोलण्याआधी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं बॉडीवर आणि झाकणावर एक सरळ रेघ ओढून घेतली, म्हणजे जोडताना झाकण फिरून बसणार नाही. मग पंख्याचं पातं शाफ्टवरून उतरवलं. शाफ्टभोवती करड्या रंगाचा घट्ट पेळू बसला होता. हातात घेऊन विसकटला तर आत कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची बारीक धूळ. या पट्ट्यात जिनिंगची गावं आहेत. हंगामात कापसाच्या गाड्या रस्त्यानं जातात आणि बाभळीच्या काट्यांवर पांढरे झुबके अडकून राहतात. तोच कापूस गाड्यांच्या रेडिएटरांत शिरतो, आणि हीटरच्या पंख्यातही. तेलकट शाफ्टला तो चिकटतो, उरलंसुरलं तेल शोषून घेतो, आणि बुश कोरडा पडतो.

बुश हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित तुकडा. तो ब्रॉन्झची भुकटी दाबून, भाजून बनवतात. त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात आणि त्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. मोटार फिरली, बुश तापला की तेल पाझरतं. थांबली की पुन्हा आत मुरतं. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चालतं. म्हणूनच त्याला ग्रीस फासू नये. ग्रीस छिद्रांत मुरत नाही, उलट ती बुजवतं. वरून कंपनीच्या डब्यातला गंजनाशक स्प्रे मारला तर पंखा दोन दिवस सुसाट पळतो आणि मग पहिल्यापेक्षा वाईट अडकतो, कारण त्या पातळ द्रवानं जुनं तेल धुऊन नेलेलं असतं. मिस्त्रींनी बुश पेट्रोलनं धुतले, वाळवले, आणि एका जुन्या वाटीत २० ग्रेडचं इंजिन ऑइल कोमट करून त्यात बुडवून ठेवले. तेलातून बारीक बुडबुडे वर येऊ लागले. आतली हवा बाहेर पडत होती आणि तिच्या जागी तेल शिरत होतं. बुडबुडे थांबेतो वाटी हलवायची नाही, असं त्यांनी पोऱ्याला बजावलं.

तोवर आर्मेचर हातात आलं होतं. कम्युटेटरच्या तांब्यावर काळा थर होता. तो अगदी बारीक पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून काढला. एमरी पेपर वापरत नाहीत, त्याचे कण तांब्यात रुततात आणि कार्बन खातात. तांब्याच्या दोन पट्ट्यांमधल्या फटी हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्यानं कोरून मोकळ्या केल्या. कार्बन मात्र दोन्ही बदलावे लागले, आणि इथे एक गोष्ट कळली जी मला आधी ठाऊक नव्हती. बाजारात मिक्सरचे आणि ड्रिलचे कार्बन सहज मिळतात, घासून मापात बसवता येतात. पण ते २३० व्होल्टांच्या मोटारीसाठी असतात. कार्बन आणि तांब्याच्या स्पर्शात एखादा व्होल्ट गेला तर तिथे जाणवत नाही. १२ व्होल्टांत मात्र तो नुकसानीचा मोठा वाटा ठरतो. म्हणून गाडीच्या मोटारीच्या कार्बनात तांब्याची पूड मिसळलेली असते. उन्हात धरला तर त्याला तांबूस झाक दिसते. मिस्त्रींनी ट्रकच्या वायपर मोटारीचे कार्बन काढले, कानशीनं घासून मापात आणले, आणि कम्युटेटरच्या गोलाईला नीट टेकतात की नाही ते पुन्हापुन्हा पाहिलं.

जोडताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. जुन्या ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असे, पुढे पुष्कळांनी ते बदलून मायनस केलं. फील्ड कॉइलच्या मोटारीला त्यानं फरक पडत नाही, ती त्याच दिशेनं फिरते. पण चुंबकाची मोटार उलटी फिरू लागते. साधं पातं असेल तर हवा उलटीकडे जाते आणि चूक लगेच कळते. पिंजऱ्यासारखं गोल चाक असेल तर ते उलटं फिरूनही हवा पुढेच टाकतं, फक्त फार कमी. मग पंखा जोरात फिरतोय आणि हवा नाही, या कोड्यात माणूस दिवस घालवतो.

मोटार टेबलावर ठेवून थेट बॅटरीला जोडली. आधीसारखी क्षणभर अडखळली नाही. मीटरवर चारच्या आत करंट. गाडीत बसवल्यावर संथ चालीवर वेग थोडा उतरतोच. जुना डायनामो त्या चालीवर चार्ज करत नाही, पंखा नुसत्या बॅटरीवर चालतो. इंजिनाचा वेग वाढवला की तो उठतो. हा दोष नाही, त्या काळच्या रचनेचा स्वभाव आहे.

बिल झालं ते एका नव्या मोटारीच्या मानानं अगदीच कमी. कार्बन, वायसर, थोडं तेल, आणि मजुरी. मी मजुरीवर अडून बसलो, ती वाढवा म्हणून. मिस्त्री म्हणाले, ‘सामानाचे पैसे लोकं देतात, पाह्याचे कोनी देत नाही.’ तक्रारीचा सूर नव्हता. त्यांनी वस्तुस्थिती सांगितली. पण मला ती बोचली आणि अजून बोचते. त्या दुपारी खरी किंमत होती ती मीटर धरून शांतपणे वाट शोधण्याची. कुठला जोड व्होल्ट खातो, करंट जास्त की कमी, कार्बन कुठल्या जातीचा, हे ज्ञान सामानाच्या बिलात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून पोटासाठी मिस्त्रीलाही सोपं पडतं ते अख्खा पार्ट बदलणं. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, आणि दुरुस्त होऊ शकणारी मोटार भंगारात. दुकानात शिकणारा पोऱ्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात जातो. त्याला टेबलावरचं हे काम आवडतं, पण पुढे नव्या गाड्यांत ब्लोअरची मोटार खोलताच येणार नाही अशी बंद केलेली असते, हेही त्यानं पाहिलंय. मापन करण्याचे वेगळे पैसे लावा आणि ते फळ्यावर लिहून टाका, असं मी मिस्त्रींना सुचवलं. ते हसले. मी मात्र हे गांभीर्यानं सांगतो आहे. डॉक्टर तपासणीची फी घेतोच ना? गाडी तपासणाऱ्यानं ती का घेऊ नये, आणि आपण ती का देऊ नये?

पंखा झाला तरी हीटरचं काम अर्धंच झालं होतं, कारण हवा आता जोरात येत होती पण म्हणावी तशी गरम नव्हती. हीटरकडे जाणारा पाइप हाताला चटका देत होता, परतीचा जेमतेम कोमट. म्हणजे पाणी आत शिरत होतं पण नीट फिरत नव्हतं. इथे या मुलखाचं पाणी आडवं येतं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी पिकालासुद्धा सोसत नाही. प्रवासात गाडी तापली की माणूस जवळच्या बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओततो, ते क्षार आत साचतात, आणि सर्वांत आधी बुजतात त्या हीटरच्या बारीक नळ्या. मिस्त्रींनी हीटरचे दोन्ही पाइप सोडवून परतीच्या बाजूनं, म्हणजे उलट्या दिशेनं, हलक्या दाबाचं पाणी सोडलं. आधी तांबूस, मग राखाडी, मग पांढुरक्या खपल्या निघाल्या. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावं लागतं, आणि दाब जास्त ठेवून चालत नाही, जुन्या नळ्यांचे डाख सुटतात. इंजिनाच्या हेडवरचा हीटरचा कॉकही अडकला होता. त्याच्या दांड्याला तेल देऊन तो हळूहळू सैल केला. शेवटी सगळी यंत्रणा डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटनं भरली, आणि इंजिन चालू ठेवून आत अडकलेली हवा बाहेर काढली. डिकीत आता त्याच मिश्रणाचा पाच लिटरचा कॅन असतो. वाटेत पाणी कमी झालं तर तेवढंच घालायचं, बोअरचं नाही, असं मिस्त्रींनी गाडी बाहेर काढताना दोनदा बजावलं.